मनगटावरची तीन काळी बोटं

जानेवारी लागला की सगळ्या चौसाळ्याला कोवळ्या ज्वारीचा वास येतो आणि मला जळक्या वार्निशचा. गहू, हरभरा, कांदा, सगळ्यांना या दिवसांत एकदमच तहान लागते. थ्री फेज आली की शिवारातल्या झाडून सगळ्या मोटारी एका दमात चालू होतात, व्होल्टेज बसतं, मोटारी तापतात आणि जळतात. मग कुणी टेम्पोत टाकून, कुणी मोटारसायकलला मागं बांधून, आजारी म्हातारीला आणावं तशी आपापली मोटार माझ्या दुकानात आणून टेकवतो आणि म्हणतो, "आप्पा, भरून द्या." मोटार भरणं म्हणजे आतली जळालेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजून बसवायची. तीस वर्षं मी हायवेच्या कडेला बसून हेच करतोय. वेढे मोजतोय.

परवा असाच एका मोटारीचं पोट उघडून बसलो होतो, तर भागवतचा फोन आला. भागवत माझा शाळेपासूनचा दोस्त, लिंबागणेशच्या शिवारात त्याची जमीन.

"शिवा, कणसं दुधात आलीत. ऐतवारी या. आगटी खांदून ठिवलीय."

"बघतो."

"बघतो काय बघतो बे. वैनीला दे फोन."

फोन मंगलला दिला. मंगल म्हणजे माझी बायको. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांतून तिचं राज्य चालतं आणि पुढचं दुकानही त्या राज्याचाच एक तालुका आहे. तिनं फोन कानाला लावला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाली, "येतो की भाऊजी. ह्यांनी आत्ताच बोटं लावून बघितली, अजून चालू हाय म्हनं."

मी खाली बघितलं. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर होती. कधी गेली, मला कळलंही नव्हतं. लोकांचा हात मिशीवर जातो, माझा नाडीवर जातो. फरक एवढाच की माझी बोटं दिवसभर वार्निशनं आणि ग्रीसनं काळी असतात, त्यामुळं प्रत्येक वेळेचा पुरावा मागं राहतो. मनगटावर तीन काळे ठसे. एकदा बघितलं तर सुटे दिसतात, चार-पाच वेळा बघितलं तर एकमेकांत मिसळून पट्टा होतो. दुपारी जेवायला आत गेलो की मंगल ताट वाढायच्या आधी मनगट बघते. सुटे ठसे असले तर, "आज बरं दिसतंय." पट्टा असला तर नुसता साबण पुढं सरकवते.

ही भानगड दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत सुरू झाली. पाच एचपीची मोटार भरत होतो. अठ्ठावन्न वेढ्यांची कॉइल होती आणि मी सव्विसाव्या वेढ्यावर होतो. तेवढ्यात छातीत धार तुटली. याला दुसरा शब्द माझ्याकडं नाही. विहिरीत पाणी कमी झालं की मोटार हवा ओढते. धार तुटते, फसफसते, थोडा वेळ काहीच येत नाही आणि मग एकदम भसकन येते. अगदी तसं झालं. माणसाला अशा वेळी देव आठवतो, बायको आठवते, असं ऐकून होतो. मला आठवलं ते एवढंच, की सव्वीस झाले होते का सत्तावीस. आकडा गेला तो गेलाच. सगळी कॉइल उकलली आणि पहिल्यापासून मोजायला लागलो. अकराव्याला परत धार तुटली.

आता आमच्या धंद्यात मोटारीचं बेरिंग खराब झालंय का, हे बघायची एक रीत आहे. लांब पेचकसाचं टोक चालू मोटारीवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतली बारीकशी खरखरसुद्धा कानात उतरते. या कामात माझा कान चांगला आहे. तेलगावापासून लोक मोटार ऐकवायला आणतात. तर त्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, पेचकसाचं टोक छातीवर टेकवलं आणि मूठ कानाला लावायला गेलो. कान पुरेना. मान वाकडी केली, पेचकस वाकडा केला, शेवटी स्टुलावरून पडता पडता राहिलो. मग मंगलला हाक मारली. ती भाकरीच्या पिठाच्या हातानंच आली.

"ह्याची मूठ कानाला लाव आन् ऐक," मी म्हणालो.

तिनं कान लावला. डोळे मिटले. बराच वेळ लावून ठेवला.

"काय ऐकू येतंय?"

"ऐकू काय येत न्हाई. पन बनियन धुवायला झालीय तुमची."

दुसऱ्या दिवशी बीडला डॉक्टरकडं गेलो. त्यांनी छातीला चिमटे लावून कागद काढला आणि कागदावर सगळं सरळ. एकही ठोका इकडचा तिकडं नाही. मी म्हणालो, "घरी चुकत होता, सायेब." आणि बोललो तसा माझा मलाच घाम फुटला. कारण हेच वाक्य तीस वर्षं लोक मला म्हणत आलेत. "आप्पा, मळ्यात लई आवाज करीत होती, इथं आणली की गप झाली." आणि मी प्रत्येकाला एकच उत्तर देत आलोय, "मोटारीला काय झालं न्हाई, तुमच्या मनाचा खेळ हाय." एवढ्या शेतकऱ्यांचे तळतळाट एका जागी गोळा होऊन त्या दवाखान्यात माझ्यासमोर बसले होते.

डॉक्टर मात्र माझ्यापेक्षा भले निघाले. त्यांनी मनाचा खेळ म्हटलं नाही. एक छोटं यंत्र गळ्यात अडकवलं, त्याच्या वायरी छातीला चिकटवल्या आणि सांगितलं, हे उद्या याच वेळेपर्यंत असू द्या, रोजची कामं करा. एसटीत शेजारी बसलेल्या पाव्हण्यानं शर्टाच्या बटणातून डोकावणाऱ्या वायरी बघितल्या, माझ्या तोंडाकडं बघितलं, परत वायरी बघितल्या.

"हे काय हाय वो?"

"चार्जिंग," मी म्हणालो.

पुढच्या स्टॉपला तो उठून मागं जाऊन उभा राहिला.

यंत्रानं माझं सगळं खरं-खोटं कागदावर काढलं. ठोके मधूनच चुकत होते. डॉक्टर म्हणाले, हृदय मजबूत आहे, वायरिंगमध्ये थोडी गडबड आहे. मला धीर आला. वायरिंग म्हणजे आपल्याच खात्यातली गोष्ट.

"वायरिंग म्हनलात म्हनून इचारतो, एकदा पूर्ण भरूनच घेता येत न्हाई का?"

ते हसले. गोळी लिहून दिली, चहा कमी करा म्हणाले, तंबाखू सोडा म्हणाले. "चक्कर आली, दम लागला, छातीत दुखलं तर वेळ घालवू नका, लगेच या. नुसता ठोका चुकला तर चुकू द्या. गोळी चुकवू नका, तपासणीला येत जा, बाकी जगा."

"किती चुकलेले चालतात?"

"म्हणजे?"

"म्हंजे दिवसाला किती? काही आकडा असंल ना."

"तो हिशेब माझ्याकडं राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही मोजू नका."

आता वेढे मोजून ज्याचे केस पिकले त्याला मोजू नका म्हणून सांगायचं. एक वेढा कमी पडला तर मोटार तापते, ही माझी सगळी विद्या. आणि इथं खुद्द माझ्या छातीत वेढे चुकतायत आणि मी मोजायचं नाही. गोळी त्याच दिवशी सुरू केली, तंबाखू महिनाभरात सोडली, चहा दोन कपांवर आणला. डॉक्टरांचं एवढंच ऐकलं नाही.

भीती म्हणजे काही मोठी, डोळे पांढरे करणारी चीज असते असं मला वाटायचं. तसं नसतं. ती बारीक बारीक कामं सांगते. डाव्या कुशीवर झोपू नको, उशीत ठोका ऐकू येतो. पायऱ्या सावकाश चढ. जिन्याच्या मधल्या पायरीवर थांब आणि कुणी बघितलंच तर चपलेचा पट्टा नीट करतोय असं दाखव. त्या वर्षात माझ्या चपलेइतकी देखभाल चौसाळ्यात कुठल्याच चपलेची झाली नसेल. विहिरीवर जाऊन मोटार बसवून द्यायचं मी बंद केलं. लोकांना सांगायचो, गुडघा दुखतो. खरं कारण असं की, कुठंही निघालो की मी मनात दवाखान्यापर्यंतचं अंतर मोजायचो. नांदूरकडं गेलं की छातीत धडधड, बीडकडं गेलं की बरं वाटायचं. जनावराला दाव्याला बांधावं तसं मी स्वतःला दवाखान्याच्या खुंटाला बांधून घेतलं होतं, आणि दावं रोज थोडं आखूड करत होतो. ते बांधायला दुसरं कुणी नव्हतं.

करोनात घेतलेलं ते बोटाला लावायचं यंत्र, चिमट्यासारखं, कपाटात पडून होतं. ते दुकानात आणून ठेवलं. आधी स्वतःला लावायचो. मग वाटलं, आपला आकडा बरोबर आहे का नाही हे कळायला दुसऱ्याचा पण पाहिजे. म्हणून मोटार घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला लावायला लागलो. "आप्पा, मोटार माझी न्हाई, मळ्यातली जळालीय," असं लोक सांगायचे, तरी मी बोट ओढून घ्यायचो. आठवडाभरात अर्ध्या चौसाळ्याची तपासणी झाली. तंबाखू खाणारे, बिड्या ओढणारे, ऐंशीला टेकलेले, सगळे ठणठणीत. मंगलला तेवढं लावायचं राहिलं. तिचे हात कधी मोकळेच नसायचे. एक दिवस ते यंत्र गायब झालं. दुकान उलथंपालथं केलं. पुढं कधीतरी ज्वारीच्या कोठीत सापडलं, ते आपणहून तिथं चालत गेलं असावं असं मंगलचं म्हणणं.

चिठ्ठ्यांचं प्रकरण त्याच्याही वरचं. वाटेत कुठं पडलो तर लोकांना कळावं म्हणून मी सहा चिठ्ठ्या लिहिल्या आणि सहा शर्टांच्या खिशांत ठेवल्या. नाव, गाव, आजार, गोळीचं नाव आणि खाली ठळक अक्षरांत, 'बेशुद्ध आढळल्यास या नंबरवर फोन करावा.' दोन महिने त्या चिठ्ठ्यांच्या जिवावर मी निर्धास्त फिरलो. एकदा भागवत दुकानात आला, पेन घ्यायला म्हणून त्यानं माझ्या खिशात हात घातला आणि चिठ्ठी वाचली. वाचून झाल्यावर त्यानं स्वतःचा मोबाइल काढला, चिठ्ठीतला नंबर लावला. माझ्या दुसऱ्या खिशात फोन वाजला.

"तू बेशुद्ध पडल्यावर तुलाच फोन करायचा का बे?" भागवत म्हणाला. "आन् उचलायचा कुनी?"

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं म्हणून मी निर्लज्जासारखा सांगतोय. मागच्या वर्षीच्या हुरड्याचं सांगताना मात्र अजून कान गरम होतात.

हुरडा म्हणजे आमच्याकडं नुसतं खाणं नाही, ती एक बैठक असते. सकाळचं ऊन अंगावर चढत असतं, धाटांवर दव असतं, पाखरं हाकलणाऱ्याची हाळी लांबून येते. जमिनीत उकरलेल्या खळग्यात, म्हणजे आगटीत, गोवऱ्यांचा विस्तव फुललेला असतो. त्यात गूळभेंडी ज्वारीची कोवळी कणसं खुपसायची, खरपूस वास सुटला की काढायची, आणि हातात धरवत नाहीत तोवरच दोन्ही तळव्यांत चोळायची. फुंकर मारली की भुसकट उडतं, हिरवे मऊ दाणे खाली राहतात. गार झालेल्या कणसाचा दाणा सुटत नाही, म्हणून चोळणाऱ्याला थांबता येत नाही. एक कणीस झालं की दुसरं तयार असतं. बाकीचे गोल बसून तळवे पुढं करतात, लसणाची चटणी, गूळ, दही घेऊन खातात. चोळणारा शेवटी खातो. तीस वर्षं गरम वार्निश आणि तार ओढून माझ्या तळव्यांचं चामडं झालंय, त्यामुळं भागवतच्या आगटीवर चोळायचा मान पहिल्यापासून माझा.

मागच्या साली भागवतच्या पोरीला बघायला पाहुणे येणार होते आणि त्यानं मुद्दाम हुरड्यालाच बोलावलं होतं. मी आगटीवर बसायला नकार दिला. विस्तवाच्या धगीनं ठोका बिघडेल असं माझं मी ठरवलं होतं. भागवतच्या भावानं चोळलं, आणि पाहुण्यांच्या दातांत भुसकट अडकलं. मी लांब बाभळीखाली बसून खाण्याचं काम तेवढं केलं. हात रिकामे, पोट भरलेलं. लसणाच्या चटणीवर दही, दह्यावर गूळ, गुळावर परत चटणी. मग छातीत एक धार तुटली. बोटं मनगटावर गेली. मोजायला लागलो. जितकं मोजू तितका वेग वाढायला लागला, आणि वेग वाढला म्हणून आणखी जोरात मोजायला लागलो. शेवटी मी ज्वारीच्या बांधावर आडवा झालो आणि मंगलला म्हणालो, "झालं माझं."

मग जे झालं ते असं. पोरगी पोह्याचं ताट घेऊन बाहेर येत होती, ती तशीच उभी राहिली. गाडी फक्त पाहुण्यांकडं होती. मुलाच्या वडिलांनी स्वतः गाडी चालवली, मुलगा पुढं, मी मागं आडवा, डोकं मंगलच्या मांडीवर, पाय भागवतच्या मांडीवर. ज्या मुलाला पोरगी बघायची होती, त्यानं मागं वळून सगळा रस्ता माझंच तोंड बघितलं. बीडला दवाखान्यात टेबलावर निजवलं, चिमटे लावले, कागद निघाला. डॉक्टरांनी कागद बघितला, पोटावर जरा दाबलं, आणि मला असा एक ढेकर आला की बाहेरच्या बाकड्यावरून मुलाचे वडील उठून आत आले.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"सुटका झाली," डॉक्टर म्हणाले.

माणसं चांगली म्हणून लग्न जमलं. पण दिवाळीपर्यंत भागवतनं माझी चेष्टा केली नाही, आणि भागवत चेष्टा करत नाही म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे. दिवाळीत आला तेव्हा उंबऱ्यातच उभा राहून म्हणाला, "शिवा, एक सांगतो. या साली जावई पहिल्यांदा हुरड्याला येनार, व्याही बी येनार. आगटीवर तू बसायचं. तू न्हाई बसलास तर मी हुरडा करीत न्हाई. आन् परत कदी बोलवीत बी न्हाई तुला. बाभळीखाली बसून मनगट धरनारा मानूस मला बघवत न्हाई."

"मरनार बिरनार असलो तर?"

"मर की. पन कनीस चोळून मर. कावून दुसऱ्याचे हात भाजवतोस?"

तर परवाचा तो फोन असा होता. त्यात बोलावणं कमी आणि निकाल जास्त होता.

रविवारी निघालो. मोटारसायकल मीच चालवली, हेही वर्षभरात पहिल्यांदा. सकाळी हवेत चांगला गारठा होता. रस्त्याच्या कडेनं हरभरा फुलावर आलेला, ज्वारीची कणसं माना टाकायच्या बेतात. मी पूल आला की मनात म्हणायचो, इथून दवाखाना इतका लांब. तिसऱ्या पुलाला मंगल मागून म्हणाली, "ओठ हलायलेत तुमचे. मोजायचं असलं तर मोठ्यानं मोजा, मला बी कळू द्या." मग मी मोजणं सोडून गाणं म्हटलं. माझं गाणं ऐकून तिनं सांगितलं, मोजलेलं बरं.

मळ्यात पोचलो तर भागवतचे व्याही खाटेवर बसलेले. रामराम झाला. ते म्हणाले, "या आप्पा. तुमच्यासाटी गाडी आल्याबरोबर बीडच्या तोंडाला लावून ठिवलीय."

सगळे हसले. मी पण हसलो, आणि गाडी खरंच बीडकडं तोंड करून उभी आहे ना, हे हळूच बघूनही घेतलं.

आगटीपाशी बसलो. बाह्या वर केल्या. सकाळी मंगलनं मनगट साबणानं घासून दिलं होतं, ते कोरं दिसत होतं. भागवतनं विस्तवातनं पहिलं कणीस काढून माझ्याकडं टाकलं. हात भाजला. बरं वाटलं. चोळलं, फुंकर मारली, दाणे जावयाच्या तळव्यावर ओतले. त्यानं तोंडात टाकले आणि मान हलवली. दुसरं कणीस. तिसरं. हाताला जुनी लय सापडली. तळवे राखेनं आणि करपलेल्या कुसळांनी काळे होत गेले.

दहावं-बारावं असेल. धार तुटली.

चांगली ठसठशीत तुटली. एकदा, मग लागोपाठ दोनदा. मला माहीत होतं आता काय होतं ते. बोटं मनगटाकडं निघतात. पण बोटांत पेटतं कणीस होतं. खाली ठेवलं तर गार होणार आणि दाणा सुटणार नाही. समोर व्याह्यांचा तळवा पसरलेला होता, त्याच्या बाजूला पोरीचा. मी डॉक्टरांचा पाढा म्हटला. चक्कर? नाही. दम? नाही. छातीत दुखतंय? नाही. मग म्हटलं, एवढं कणीस होऊ दे, मग बघू.

ते झालं. फुंकर मारेपर्यंत भागवतनं पुढचं टाकलं. मी त्याच्याकडं बघितलं. तो माझ्याकडंच बघत होता. लहानपणापासून माझं तोंड वाचणारा माणूस, त्याला कळलं असणार. तो कणसं जरा भरभर टाकायला लागला.

हे झाल्यावर बघू. हे एक झाल्यावर. आत मधूनच हवा ओढली जात होती, ते मला कळत होतं. पूर्वी असं झालं की मी सगळं सोडून आत कान लावून बसायचो. आता आत ते चाललं होतं आणि बाहेर हे चाललं होतं. शेजारच्या मळ्यातली मोटार हवा ओढायला लागली म्हणून आपण आपलं पाणी देणं थांबवत नाही, तसं काहीसं. मला धैर्य वगैरे आलं नव्हतं हे सांगून ठेवतो. भीती होतीच, बाजूलाच बसली होती. हात मोकळे नव्हते म्हणून तिच्याकडं बघायला जमलं नाही, इतकंच.

"भुसकट न्हाई बरं का या साली," व्याही म्हणाले. "मागच्या साली दातांत चार दिस होतं."

"मागच्या साली चोळनारा मानूस तुमच्या गाडीत आडवा होता," भागवत म्हणाला.

ऊन वर आलं. पोरं बोरं वेचायला पांगली. कधीतरी आगटीतली शेवटची कणसं संपली आणि माझे हात थांबले. आतली धार कधी सरळ झाली ते मी बघितलं नाही, त्यामुळं सांगता येत नाही.

मंगल ताकाचा तांब्या आणि पेला घेऊन आली. हुरड्यावर पाणी पीत नाहीत, ताक पितात. पेला पुढं करण्याआधी तिनं माझं डावं मनगट धरलं, उन्हाकडं वळवलं आणि भांडं घासून स्वच्छ झालंय का बघावं तसं उलटं-सुलटं करून बघितलं. दोन्ही तळवे कोळशासारखे काळे होते. मनगट कोरं होतं. एक ठसा नव्हता.

तिनं नुसती मान हलवली आणि पेला पुढं केला.

मला वाटलं आता मी एकदा हक्कानं मोजावं. उजवा हात वर आलाही. पण मध्ये तिचा हात होता, पेला धरलेला. मी तिच्याच मनगटावर तीन बोटं ठेवली.

तिला पेला सोडता येईना आणि हात ओढता येईना. "अवो, काय करायलात, लोक बघायलेत," ती पुटपुटली. मी मोजत होतो. एका मागून एक, सरळ, एका मापाचे, नव्या भरलेल्या मोटारीसारखे. दोन वर्षांत मी अर्ध्या चौसाळ्याचे ठोके तपासले आणि हे एक राहिलं होतं. हिचा हात माझ्यासाठी कधी मोकळा नव्हता का मी कधी मागितला नव्हता, याचा विचार करत होतो, त्यामुळं सतराला आकडा चुकला.

"वैनी," भागवत लांबून म्हणाला, "तुम्हाला बी भरायला काढलं काय ह्यानं?"

सगळे हसले. तिनं हात सोडवून घेतला. "ताक प्या आधी. सांडायलंय," म्हणाली आणि व्याह्यांना वाढायला गेली.

परतताना पूल मोजले नाहीत असं सांगितलं असतं, पण मंगल हे वाचणार आहे. दोन मोजले.

दिवस मावळताना ती चुलीपाशी भाकरी थापत होती. मी पाटावर बसलो होतो. परातीत पीठ, वरखाली होणारा हात, पाण्याचा हबका. मळ्यातनं आल्यावर तिनं हात धुतले होते, तोंड धुतलं होतं. तिच्या मनगटावर उमटलेली माझी दोन बोटं अजून काळी होती, तिसरं पुसट. मी साबण तिच्याकडं सरकवला.

"राहू द्या," ती म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.